बिनतेलाचा गहू

रमजानची तयारी म्हणजे आमच्या घरी अम्मीचं राज्य. रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की ती भिंतींना चुना लावून घ्यायची, माठ बदलायची, भज्यांसाठी डाळ दळून आणायची आणि अब्बांना इतक्यांदा बाजारात पिटाळायची की ते म्हणत, रोजे परवडले, पण ही तयारी नको. ऐंशीच्या दशकात रमजान सरकत सरकत ऐन मे महिन्यात आला. त्या वर्षी मात्र हे राज्य तिने खाटेवरून चालवलं.

तिच्या पोटात गाठ होती. थंडीत मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. तिला आम्ही सांगितलं, गाठ काढली. हे खोटं अब्बांचं, पण ते सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अब्बा दिवसभर शिलाईच्या मशीनवर, आणि तिच्याजवळ मी, तिची एकुलती एक लेक. मला त्यांचा भयंकर राग यायचा. खोटं बोलणारा बोलून मोकळा होतो, निभावणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही.

आदल्या रमजानमध्ये आजारपणामुळे तिचे बरेच रोजे सुटले होते. सुटलेले रोजे पुढचा रमजान यायच्या आत भरून द्यावेत असा रिवाज. आजारी माणसाला सवलत असते. बायका ते थंडीसाठी राखून ठेवतात. अम्मीचंही तेच चाललं होतं. ती लासलगावकडच्या खेड्यातली, इतकी वर्षं नाशकात काढूनही बोली गावाकडचीच. "थंडीत ठेवीन सारे," म्हणायची. "दिवस लय ल्हान राहतात. जरा इकडचं तिकडं केलं का रोजा सोडायची, मगरिबची बांग होती." ती हे बोलू लागली की मी मान खाली घालून डाळ निवडत राही.

ज्याला बरं होण्याची आशाच नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. एका रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला दोन वेळचं जेवण, नाहीतर तेवढा गहू द्यायचा. त्याला फिदिया म्हणतात. अब्बा त्याबद्दल विचारायला मशिदीत गेले. मौलानांनी एवढंच विचारलं, "बऱ्या होण्याची उमेद आहे का? उमेद असेल तर फिदिया चालणार नाही." अब्बांना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. मशिदीतल्या हौदापाशी थोडा वेळ बसले आणि परत आले.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना?" मी फाडकन म्हणाले. "मग मौलानांना सांगायला काय झालं?"

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि ते माठातलं पाणी प्यायले.

चांद दिसायला थोडेच दिवस उरले असताना त्यांनी हातगाडीवरून गव्हाचं पोतं आणलं. उन्हाळ्यात सगळीकडेच वर्षाचा गहू भरतात, त्यामुळे अम्मीला संशय येण्याचं कारण नव्हतं. मला मात्र ते चुलीपाशी येऊन हळूच म्हणाले, "याला एरंडेल लावू नको. गरिबांना वाटायचा आहे."

भुंगे पडू नयेत म्हणून वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळायचं, हे आमच्या घरी कधी चुकलं नव्हतं. मी खाटेसमोर बसून हा गहू तसाच चाळायला घेतला. अम्मीने हात पुढे केला. "दाखव गं." मी मूठभर दिला. तिने तो तळव्यांत चोळला, मग तळहात नाकाशी नेला.

"तेल नाही लावलं?"

"लावायचंय. घरातलं संपलं."

"वर्षाचा गहू आणला आन् तेल इसरले? तुझे अब्बा?"

मी पुन्हा चाळणी हलवू लागले. गल्लीतल्या पोरींना कुराण शिकवणारी बाई ती; फिदिया कुणी द्यायचा आणि कुणी नाही, हे तिनेच आम्हाला पढवलेलं. ती गव्हाकडे बघत राहिली.

संध्याकाळी अब्बा खजुराचा पुडा घेऊन आले. ते चपला काढतायत तोवर तिने विचारलं, "मौलानांना सांगितलं का, उमेद नाय म्हणून?"

अब्बा उंबऱ्यातच थांबले. "नाही. सांगवलं नाही."

"मग हा गहू नुसताच आणला व्हय? फिदियाला नियत लागती, आन् ती माझी लागती." मग मला म्हणाली, "बसव मला."

मी तिला पाठीमागून धरून बसवलं. हाताला नुसती हाडं लागली. तिने चाळलेल्या गव्हावर तळवा ठेवला आणि आपल्या गावच्या बोलीतच म्हणाली, "अल्ला, गेल्या साली सुटलेल्या रोज्यांचा हा फिदिया. माझ्याच्यानं आता भरून व्हायचे नाय. कबूल कर."

अब्बा पुडा हातात घेऊन, नव्याने चुना लावलेल्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्यावरचा माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला फक्त भीती वाटत होती, लहान मुलीसारखी. आम्ही तिच्यापासून लपवलेलं तिने आम्हालाच मोठ्याने सांगून टाकलं होतं.

तिने तळहात पदराला पुसला.

"घरचा गहू येगळा आणा," ती अब्बांना म्हणाली. आणि मला, "त्याला तेल नीट चोळ. भुंगे पडले तर पावसाळ्यात तुला एकटीला निवडत बसावं लागल."

थंडीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.