वासाची तपासणी माझ्याकडे होती

ही हकिकत सांगायची मी चार वर्षं टाळली. विनिपेगला आमच्या मंडळींत शिकारीचा विषय निघाला की मी मूस, म्हणजे इकडचा थोराड सांबर, समोर आला तिथपर्यंत सांगतो आणि चहा घ्यायला उठतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, म्हातारा रंगवून सांगतो. मी रंगवत नाही, अर्धं सांगतो. राहिलेलं अर्धं आज लिहितो आहे.

मी पायदळात अठ्ठावीस वर्षं होतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि मुलाकडे विनिपेगला आलो. शेजारच्या घरात वॉल्टर राहायचा. कॅनडाच्या सैन्यातला निवृत्त सार्जंट, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बायको वारलेली. पहिल्या हिवाळ्यात मी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो आणि बर्फ उडून माझ्याच तोंडावर येत होता. तो दारातून ओरडला, "सोल्जर, वाऱ्याकडे पाठ कर!"

"सोल्जर आहे हे कसं ओळखलंस?"

"चुकीचं काम इतक्या शिस्तीत दुसरं कोण करतं?"

तिथून मैत्री झाली. तो मला 'सूबेडार' म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी ड्रॉमध्ये वॉल्टरला मूसच्या शिकारीचा परवाना लागला. सहा वर्षं तो अप्लाय करत होता. पण उन्हाळ्यात तो एकदा स्टोव्ह चालू ठेवून बाहेर गेला होता, म्हणून त्याची मुलगी जेनेट परवानगी देईना. शेवटी तिनं अट घातली. ती स्वतः बरोबर येणार, आणि या ट्रिपमध्ये डॅड एक जरी धोक्याची गोष्ट विसरला, तर रायफल आणि ट्रकची किल्ली तिच्या ताब्यात. वॉल्टरनं मान्य केलं. मला म्हणाला, "सूबेडार, ही माझी परीक्षा आहे. मूस मिळाला नाही तरी चालेल, नापास व्हायचं नाही."

माझ्याकडे शिकारीचं लायसन्स नव्हतं. मी फक्त सोबतीला होतो.

तयारी पंधरा दिवस चालली. सैन्य सोडल्यावर इतका उत्साह मला कधी वाटला नव्हता. मूसची नजर बेताचीच. आपले नारिंगी कोट त्याला नारिंगी दिसतही नाहीत. पण माणसाचा वास त्याला फार लांबून लागतो. वॉल्टरनं सगळ्यांचे कपडे बिनवासाच्या साबणात धुवून बाहेर वाळवले आणि स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या झाडाच्या, डहाळ्या घालून पिशव्यांत बंद केले. स्वयंपाक तंबूपासून शंभर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. खायच्या सगळ्या वस्तू लोखंडी ड्रममध्ये. तंबूत बिस्किटाचा चुराही न्यायचा नाही. शरदात अस्वलं हिवाळ्याच्या झोपेआधी दिवसभर खात हिंडतात, आणि त्यांचं नाक मूसच्या वरताण असतं.

मी त्याला आमच्या पलटणीतली गोष्ट सांगितली. अँबुशला निघण्यापूर्वी तेल, साबण, विडी, तंबाखू तीन दिवस बंद. आमचा हवालदार निघायच्या आधी रांग लावून एकेकाचं डोकं आणि बोटं हुंगायचा. ज्याच्या डोक्याला तेलाचा वास येईल तो मागे राहायचा. वॉल्टर पोट धरून हसला. म्हणाला, "ठरलं. वासाची तपासणी तुझ्याकडे."

निघायच्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी, सुलभानं, हातात एक प्लॅस्टिकचा डबा ठेवला.

"अहो, सुकटीची चटणी आहे. तिकडे उकडलेले बीन्स खाऊन वाळून परत याल."

"अगं, वासाचं काय?"

"तीन पिशव्या घातल्यात वरून. आणि वासानं अजून कोणी मेलेलं नाही. उपाशी मेलेत!"

आम्ही मूळचे मालवणकडचे. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ती भाजून, लसूण-मिरची घालून केलेली चटणी मला रोज लागते. ड्रममध्ये ठेवू, असा विचार करून मी डबा सॅकमध्ये घातला.

विनिपेगहून उत्तरेला पाच तास ट्रकनं गेलो. दुपारी तीनला तळ्याकाठी तंबू लागला. मी दोघांना रांगेत उभं केलं. वॉल्टर पास. जेनेटच्या केसांना नारळाचा वास.

"जेनेट, शाम्पू."

"ओह कम ऑन! थोडासाच लावलाय."

"तळ्यावर जा. धुऊन ये."

"पाणी बर्फासारखं आहे, मिस्टर सूबेडार!"

वॉल्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ऑर्डर इज ऑर्डर."

ती गेली, केस धुऊन कुडकुडत परत आली. टॉवेल झटकत तिनं विचारलं, "आणि इन्स्पेक्टरला कोण हुंगणार?"

"इन्स्पेक्टरचं इन्स्पेक्शन नसतं," वॉल्टर म्हणाला. "जगातल्या सगळ्या आर्म्यांत हाच नियम आहे." आम्ही तिघंही हसलो.

डबा बाहेर काढायची वेळ तीच होती. पण एका पोरीला गार पाण्यात केस धुवायला लावून पाच मिनिटांत आपल्या सॅकमधून सुकट काढायची, हे मला जमलं नाही. मी तंबूत गेलो आणि डबा मागच्या कनातीला लागून माझ्या स्लीपिंग बॅगखाली सारला. तीन पिशव्या आहेत, असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठलो. वॉल्टर बाहेर रायफल तपासत होता, जेनेट झोपलेली होती. मी पावाच्या तुकड्यावर दोन बोटं चटणी घेऊन खाल्ली. मग तळ्यावर चुळा भरल्या, स्प्रूसची पानं चावली. डब्याचं झाकण लावलं होतं. पिशव्यांच्या गाठी मारल्या की नाही, ते मला आजही आठवत नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघं निघालो. जेनेट कॅम्पवर थांबली. दोन रेडिओ होते, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. अर्ध्या मैलावर दलदलीच्या कडेला आम्ही बसलो. मी चिमूटभर पावडर हवेत सोडली. ती सरळ आमच्या तोंडावर आली. वारा समोरून, उत्तम.

वॉल्टरनं बर्चच्या सालीचा कर्णा तोंडाला लावला आणि मूसच्या मादीसारखी लांब, रडवी हाक घातली. वीस मिनिटं काही नाही. पुन्हा हाक. सात वाजून पंचवीस मिनिटांनी पलीकडच्या झाडीतून उत्तर आलं. खोल, घशातलं, 'ऑह्'. मग फांद्या मोडल्याचा आवाज. माझं वय अडुसष्ट होतं, पण त्या क्षणी पंचविशीत असल्यासारखं रक्त कानांत वाजत होतं.

तो बाहेर आला. घोड्याहून उंच. शिंगं इतकी रुंद, की दोन झाडांमधून येताना त्याला मान तिरकी करावी लागली. नाकपुड्या फुगवून तो हवा हुंगत होता. त्याला आमचा वास लागला नव्हता. ऐंशी यार्ड. सत्तर. वॉल्टरचा हात दगडासारखा स्थिर होता. रायफलची सेफ्टी काढल्याची बारीक टिक मला ऐकू आली.

तेवढ्यात माझ्या कानाशी धरलेला रेडिओ बोलला.

"डॅड. कॅम्पमध्ये बेअर आहे. तंबूत. मी बाहेर पडले. तो माझ्या आणि ट्रकच्या मधे आहे. ओव्हर."

मी रेडिओ वॉल्टरच्या तोंडापुढे धरला.

"पळू नको," तो म्हणाला. आवाज अगदी शांत. "त्याच्याकडे तोंड ठेव. हळूहळू मागे सरक. येतोय. आउट."

सेफ्टी लावून तो उठला. मूसकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. चौऱ्याहत्तरचा माणूस दलदलीतून धावला. मला गाठता येईना.

काळं अस्वल तंबूची मागची कनात फाडून आत शिरलं होतं. जेनेट तेव्हा आत मोजे घालत होती. पुढच्या बाजूनं ती बाहेर पडली, खडकावर घसरली, डावं मनगट मोडलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि अस्वल काठावर, तिच्यापासून दहा पावलांवर. वॉल्टरनं हवेत एक गोळी झाडली. अस्वल थबकलं. दुसऱ्या गोळीला ते वळलं आणि झाडीत गेलं. एकूण वेळ, रेडिओपासून, अकरा मिनिटं.

मी जेनेटच्या हाताला दोन काठ्यांची फळी बांधली. तिनं बापाकडे पाहिलं.

"डॅड, तंबूत काय ठेवलं होतंस?"

"काही नाही."

"डॅड, प्लीज. आठव."

वॉल्टरनं कोटाचे खिसे चाचपले. एक, दुसरा, पुन्हा पहिला. "बेकन," तो हळू म्हणाला. "काल रात्रीचं बेकन रुमालात होतं. मी ते ड्रममध्ये ठेवलं... मला वाटतं, ठेवलं होतं."

मी तंबूत सामान गोळा करायला गेलो. माझी स्लीपिंग बॅग फाटून पडली होती. खाली डब्याचे तुकडे, चाटून स्वच्छ केलेले. पलीकडे ड्रम तसाच बंद होता. मी तो उघडून पाहिला. सगळ्यात वर रुमाल होता आणि रुमालात बेकन.

मी ड्रमचं झाकण लावलं. डब्याचे तुकडे कोटाच्या खिशात घातले.

बाहेर वॉल्टरनं ट्रकची किल्ली काढली. जेनेटच्या एका हाताला फळी होती, म्हणून त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "तू चालव, सूबेडार. माझ्यावर आता भरवसा नको." हॉस्पिटलपर्यंतचे चार तास मीच चालवलं.

घरी सुलभानं विचारलं, "चटणी संपली?" मी म्हटलं, "संपली."

रायफल गेली, ट्रक गेला. पुढच्या शरदात वॉल्टर घराबाहेर फारसा पडला नाही. त्यानंतर त्याला खरोखरच विसरायला होऊ लागलं आणि जेनेटनं त्याला केअर होममध्ये ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. असेल. पण त्या सकाळी तो काही विसरला नव्हता, आणि हे ठाऊक असलेला एकटा माणूस गप्प बसला होता.

मी दर रविवारी त्याला भेटायला जायचो. प्रत्येक वेळी इंग्रजी वाक्य जुळवून न्यायचो. शेवटच्या भेटीत त्यानं मला लगेच ओळखलं, हात धरला आणि म्हणाला, "सूबेडार, त्या बेकनबद्दल सॉरी. माझ्यामुळे जेनेट मेली असती. तू मला माफ केलंस का?"

मी म्हटलं, "इट्स ओके, वॉल्टर."

त्याच आठवड्यात तो गेला. त्याच्या शवपेटीवर त्यांचा झेंडा होता. जुन्या सैनिकांबरोबर मीही मेडल लावून सॅल्यूट केला. सार्जंट वॉल्टर, माझा शेजारी. त्यानं सहा वर्षं वाट पाहिलेला मूस समोर असताना वळून न पाहता आपल्या लेकीकडे धाव घेतली. तो परीक्षेत पास झाला होता. नापास मी झालो, आणि वर त्यालाच माफ करून आलो.

वॉल्टर, वास माझ्या डब्याचा होता. बेकन तू ड्रममध्येच ठेवलं होतंस, मी डोळ्यांनी पाहिलं. मला माफ कर.