सिरोंच्याची लाईन

बुधवारी सकाळी माझा भाऊ वारला. शुक्रवारी त्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. शनिवारपासून सिरोंच्याची लाईन लागेना.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं. गडचिरोलीच्या जंगलात दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस चंद्रपुरात होतं, तिथला सर्व्हर दादा सांभाळायचा. रोज दुपारी एकेका दवाखान्यातला ऑपरेटर मोडेमवरून त्याच्या सर्व्हरला फोन लावायचा आणि संपलेल्या औषधांची यादी पाठवायचा. यादी आली की जीप निघायची.

दादाचं अक्षर कुणाला लागत नसे. म्हणून सर्व्हरची वही मी लिहायची, कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी आल्यावर, तो सांगेल तशी. सिरोंच्याच्या तारेत खरखर फार. दोन्हीकडचे मोडेम पूर्ण वेगाने बोलू लागले की जोड तुटायची. दादाने आपल्या मोडेमला एक ओळ लिहून दिली होती, वेग कमीच ठेवायची; तीही वहीत होती. "जंगलाच्या तारेशी हळू बोलावं लागते," असं तो म्हणायचा.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या स्मरणविधीच्या, आदल्या दिवशी मी त्याचं सामान आणायला गेले. नागपूरहून आलेले साहेब त्याच्या खुर्चीत बसले होते. सिस्टीम त्यांनीच बदलली होती. त्यांनी वही चाळली आणि माझ्याकडे सरकवली.

"शाळेतल्या पोरीसारखी वही ठेवली आहे. घेऊन जा बाई, नव्या सिस्टीममध्ये हे काही लागत नाही. एवढ्या चांगल्या मोडेमची तुमच्या भावाने बैलगाडी करून टाकली होती."

डबा, चपला आणि वही घेऊन मी घरी आले.

पंधरा दिवसांनी सिरोंच्याचा ऑपरेटर आमच्या दारात उभा राहिला. आलापल्लीवरून बसने आला होता. यादीची फ्लॉपी बिस्किटाच्या कागदात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलेली.

"अक्का, दादा राहिले असते तर मले एवढे धक्के खावे लागले नसते," तो म्हणाला. "आता दर हप्त्याले फ्लॉपी आणतो अन् औषधाचं पोतं घेऊन जातो. लाईन काऊन लागत नाई, कोणी सांगतच नाई. हे तेवढं आलं सगळ्या दवाखान्यांत."

त्याने एक पत्रक काढलं. 'आधीच्या कर्मचाऱ्याने केलेल्या चुकीच्या मांडणीमुळे सिरोंचा केंद्राचा संपर्क बंद आहे.' खाली साहेबांची सही.

मी ते दोनदा वाचलं. त्याला वरण-भात वाढला. वही चार पावलांवर कपाटात होती. मी कपाट उघडलं नाही. लाईन सुरू व्हायला मला नको होती. साहेब माझ्याकडे यायला हवे होते.

ते आले, त्याला आणखी दोन आठवडे लागले. ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर घाम पुसत उभे राहिले.

"बाई, ती वही जरा पाहायची होती."

"नव्या सिस्टीममध्ये ती लागत नाही म्हणालात."

"लागेल असं वाटून राह्यलं आता."

"मग पत्रक लिहा. आधीच्या कर्मचाऱ्याची मांडणी बरोबर होती, ती मी पुसली, असं. सगळ्या दवाखान्यांना."

"अहो, तिकडे लोकांची औषधं अडली आहेत, आणि तुम्ही कागद मागता?"

"कागद पहिल्यांदा तुम्ही काढला, साहेब."

मी कोरा कागद पुढे केला. पहिल्या खर्ड्यात त्यांनी 'कदाचित' लिहिलं होतं. मी ते खोडलं. दुसऱ्यात 'नजरचुकीने' आलं. तेही खोडलं. तिसरा कागद मी ठेवून घेतला. त्याच्या प्रती टपालात पडल्या, त्या मी मोजल्या. मगच ऑफिसात गेले.

दादाच्या खुर्चीत मी बसले, साहेब उभे राहिले. वहीतली ती ओळ मी एकेक अक्षर करत मोडेमच्या रकान्यात भरली. दुपारी सिरोंच्याचा फोन वाजला. मोडेमने शिट्टी मारली, तो खरखरला, आणि या वेळी जोड तुटली नाही. यादी आली. थोड्या वेळाने फोनवर ऑपरेटरचा आवाज आला, "लागली अक्का, लागली!"

"एवढंच होतं?" साहेब म्हणाले.

"एवढंच. चौथ्या पानावर आहे. तुम्ही चाळलं होतं."

त्यांची मान खाली गेली. मला बरं वाटलं. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

ऑपरेटरने त्या महिन्यात ज्या फेऱ्या मारल्या, त्यातल्या पहिल्या दोन साहेबांमुळे. नंतरच्या दोन माझ्यामुळे. त्याला ते माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

सर्व्हर भंगारात गेला. साहेब निवृत्त झाले. वही आणि तो तिसरा कागद माझ्या कपाटात आहेत.