कॉम्प्युटरमध्ये अडकलेली गाय

गाय हलत नव्हती. ती गावाकडं, काष्टीच्या गोठ्यात आडवी पडली होती आणि इकडं शहरात, सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझे सासरे कॉम्प्युटरसमोर बसून घामाघूम झाले होते.

सासऱ्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांना शहरात आणलेलं. गाय पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी, दादांनी हातानं चारून वाढवलेली, आणि दिवस अगदी भरलेले. तिला सोडून यायला हा माणूस तयारच होईना. मग धाकट्या दिरानं गोठ्यात कॅमेरा लावला. मोबाईलवर दादांना नीट दिसत नाही, म्हणून मी तो कॉम्प्युटरवर उघडायला शिकवला. हौस माझी, दुसरं काय!

"पोरी, मघापासनं मान बी हलवली न्हाई तिनं," दादा म्हणाले. दिराला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना!

मी माऊस सरकवला. बाण जागचा हलेना. अगं बाई! म्हणजे गाय नाही, हे कॉम्प्युटरचं धूड अडकलंय! म्हणजे तिकडं आत्ता काय चाललंय, देव जाणे!

गेले काही दिवस ते रखडतच होतं. मेमरी भरली असेल म्हणून मी शहाणी फोटो पुसत बसले होते. फरक शून्य! आता कीबोर्डवरून टास्क मॅनेजर उघडला, कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारा. उघडतानाही मेल्यानं अंत पाहिला. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पार, आणि जवळजवळ सगळी एकट्या ब्राउझरनं खाल्लेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटो असतात डिस्कवर, ती आपली कोठीची खोली. मेमरी म्हणजे ओटा. ओटाभर पातेली मांडून ठेवल्यावर पोळी लाटायची कुठं? आणि मी बसले होते कोठी झाडत!

पडद्याच्या खालच्या पट्टीवर बघते तर गोठा, गोठा, गोठा. एकाच कॅमेऱ्याच्या खिडक्यांची ही रांग.

"दादा, हे कितीदा उघडलंय?"

"रोज उगडतो की. बगून झालं की ती वजाची खूण दाबून खाली ठिवतो."

"अहो, मग फुली का नाही मारत?"

"फुली मारली तर क्यामेरा बंद व्हईल. एकली पडंल ना गं ती."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी टेकले.

"कॅमेरा तिकडं चालूच राहतो, दादा. आपलं बघणं तेवढं थांबतं," म्हणत मी कीबोर्डवरूनच एकेक गोठा बंद करत सुटले. टक्के भराभर उतरायला लागले. बाण हलला, मग पळायलाच लागला. "सुटला, दादा, सुटला!" मी किंचाळलेच. गोठा नव्यानं उघडला.

गाय उभी होती! पायाशी ओलंचिंब वासरू, आणि ती त्याला चाटत होती. शेजारी दीर, हात कोपरापर्यंत भरलेले, कॅमेऱ्याकडं बघून दात काढतोय. तो कुठला फोन उचलतोय!

"याली! याली गं माजी बाय!" दादा गुडघा विसरून उठायला निघाले. मी धरून बसवलं. वासरू धडपडलं, पडलं, परत उठलं. आम्ही दोघं पडद्याला नाक लावून. शेवटी त्याला कास सापडली आणि आम्ही टाळ्या पिटल्या.

मग दादांनी डोळे पुसून माऊस हातात घेतला आणि स्वतःच फुली मारली.

"आता हाय तिच्यापाशी कुनीतरी," म्हणाले.