हाय मी

गाडी वाडीच्या वाटेवर उभी होती आणि माझी लेक सुनंदा पुन्हा पुन्हा हाक मारत होती, "बाबा, चला ना." शेजारची शेवंतीवहिनी हातात नारळ घेऊन पायरीवर उभी. तिच्यामागे निम्मी वाडी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी "येतो" म्हणेन म्हणून. मी ते म्हटलं नाही. कुलूप लावलं, किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसलो. मागून कोणीतरी बोललंच, "तांडेल रागावलाय. लेकीच्या दारात राहायला जावं लागतंय ना."

मंडळी, मी रागावलो नव्हतो. लेकीच्या घरचं पाणी पिणं मला जड जातं हे खरं, आणि ते जडच जाणार. पण त्या दिवशी तोंड बंद राहिलं त्याचं कारण वेगळं होतं. परवा वहिनीने फोनवर विचारलं, "भावोजी, शिमग्याला पालखी तुमच्या दारात आणायची की पुढे न्यायची?" बंद घरावरून पालखी पुढे जाते, हे मला कोणी शिकवायला नको. पण फोनवर उत्तर देता येईना, म्हणून लिहितोय. चौथीपर्यंत शिकलोय. चुका असतील. कोणी दुरुस्त करायच्या नाहीत.

आधी सुनंदाच्या आईबद्दल सांगतो, म्हणजे उत्तर कळेल.

वाडीतल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल. मी बोटीवर तांडेल आणि ती शहरातल्या इस्पितळात आया. बायकांच्या वॉर्डात. बंदरावर एकीने तिला टोमणा मारला होता, "काय गो, तांडेलाची बायको आणि लोकांची भांडी उचलतेस?" ही म्हणाली, "तू मासळीची घाण काढतेस, मी माणसांची काढते. वास दोघींना येतो. मी साबण लावते." त्यानंतर ती बाई हिच्यासाठी बोंबील बाजूला काढून ठेवायची.

ड्युटीवरून आली की आधी परसात आंघोळ, मग पोरीला हात. तरी फिनेलचा वास जायचा नाही. सुनंदा त्या वासाशिवाय झोपायची नाही. एकदा पोरीला ताप चढला, तर हिने तिला आपल्याच वॉर्डात खाट मिळवून दिली. दिवसभर बाकीच्या बायकांचं सगळं केलं आणि रात्री खाटेखाली लादीवर आडवी झाली. पदराचं टोक पोरीच्या मनगटाला बांधलेलं. पोर हलली की हिला जाग. मी म्हटलं, "मी बसतो, तू नीट झोप." तर म्हणते, "तुम्ही बसा समुद्रात. इथलं माझं मी बघते."

आता मुद्द्याचं. आपल्याकडे घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. मी बोटीवर निघताना चुकून म्हटलं तर ती मला परत आत बोलवायची, पाणी द्यायची आणि "येतो" वदवून घ्यायची. इस्पितळात मात्र तिचा उलटा कायदा. बरं होऊन घरी निघालेल्या माणसाने "येतो" म्हणायचं नाही. गुहागरकडची एक बाई सवयीने म्हणाली, "येते हां मावशी." हिने तिला फाटकातून माघारी आणली, बाकावर बसवली. "कुठे येतेस? परत इथे? गप 'जाते' म्हण आणि मागे बघू नको." डॉक्टर हसून म्हणाले, "मावशी, मग मीपण 'जातो'च म्हणू काय?" ही म्हणाली, "तुम्ही 'येतो'च म्हणा वो. तुम्ही नाय आलात तर बायका काय मला तपासायला सांगणार?"

आणि ती स्वतः ड्युटी संपवून निघायची तेव्हा? कोणीतरी आजारी बाई विचारायचीच, "मावशी, चाललीस?" येते नाही, जाते नाही. ती म्हणायची, "हाय मी." आणि चपला घालून निघून यायची.

शेवटी ती त्याच वॉर्डात पडली, खिडकीजवळच्या खाटेवर. सकाळी मी घरून पेज आणायला उठलो आणि दाराशी अडकलो. "येतो" म्हणायची सोय नव्हती, तिचाच कायदा. "जातो" म्हणायला जीभ वळेना. मी तसाच उभा. तिने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "हाय मी."

पेज घेऊन परत आलो तेव्हा खाटेवर दुसरी चादर घातलेली होती. पेजेचा डबा अजून गरम होता.

आता मी इथे नागपुरात. समुद्र नाही, वाऱ्याला खारटपणा नाही. सोसायटीत लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, सुरमई बर्फात गोठून येते आणि तव्यावर पाणी सोडते. सुनंदा इथल्या इस्पितळात सिस्टर आहे. तिच्या आईने ज्यासाठी लाद्या पुसल्या ते झालं. माझ्या छातीचं तुम्हाला माहीत आहे. रात्री मशीनची नळी नाकात घालून झोपतो. डॉक्टरने प्रवास बंद केलाय. तो बंद होणार हे मला वाडीत कुलूप लावतानाच ठाऊक होतं. मग "येतो" कुठल्या तोंडाने म्हणणार? खोटं बोलायची सवय नाही. आणि स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून "जातो" तर मी मेलो तरी म्हणणार नाही.

गेल्या आठवड्यात सुनंदा नाइटला निघाली. नळी नीट बसवली, चादर पायावर ओढली. मी विचारलं, "चाललीस?" ती चपला घालता घालता म्हणाली, "आहे मी, बाबा." शुद्ध भाषेत म्हणाली, पण शब्द आईचाच. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे मी आता घरातला माणूस राहिलो नाही, वॉर्डातला झालो.

तर वहिनी, पालखी आणा. पुढे नेऊ नका. कुलूप काढा, अंगण सारवा, पाट मांडा, ओटी आमच्या नावाने तुम्हीच भरा. पालखीपुढे देवाला गाऱ्हाणं घालताना माझं नाव घेतील आणि आतून ओ द्यायला कोणी नसेल. कोणी विचारलं, तांडेल कुठाय, तर उंबऱ्यात उभ्या राहून सांगा, "हाय म्हणालाय."

आता माझ्यासाठी घर म्हणजे एवढंच. मी तिथे नसताना "हाय" म्हटलं तर ते जिथे कोणी खोटं पाडणार नाही, अशी जागा. वॉर्डातल्या बायकांना कळायचं मावशी निघालीय. चपलांचा आवाज काय लपतो? तरी त्या "बरं" म्हणायच्या आणि कुशीवर वळायच्या.

तुम्हीही बरं म्हणा.