सुतकातली गोळी

"दातासाठी गोळी सोडली आणि उजवा हातच गेला की गं त्यांचा. दात राहिला तिथंच!"

येलहंक्यातल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या खुर्चीवरच्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. माझ्या मांडीवर फॉर्म होता. आईला नुकतंच आत बोलावलं होतं. ‘रक्त पातळ करणारी औषधं घेता का?’ या प्रश्नापुढे मी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच दिवसांपासून बंद.’ त्यातले पाच दिवस खरे होते. डॉक्टरांचा सल्ला मी माझ्या मनाने लिहिला होता.

आमच्या या कन्नड भागात घराबाहेर मराठी क्वचितच ऐकू येते. दवाखान्यात कन्नड, हिंदी, इंग्रजी चालू असतं आणि त्यातलं निम्मं मी कानाआड करते. तेच वाक्य दुसऱ्या कुठल्या भाषेत आलं असतं, तर माझं लक्षही गेलं नसतं. पण ते घरात आई बोलते त्या भाषेत आलं, आणि माझं पेन थांबलं.

माझ्या आईच्या हृदयात नऊ वर्षांपासून कृत्रिम झडप आहे. घर शांत असलं आणि तिच्याजवळ आडवं पडलं, की ती झडप ऐकू येते. लहान घड्याळासारखी, टिक टिक. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून आईला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर घ्यायची आहे. आमच्याकडे ही गोळी दत्तगुरूंच्या तसबिरीपाशी, देवघरातच असते. संध्याकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे, मग तीर्थाच्या पळीतलं पाणी घेऊन गोळी घ्यायची. ऑपरेशननंतर आईनेच हा नेम लावून घेतला होता. नऊ वर्षांत ती गोळी एकदाही चुकली नव्हती, कारण दिवा कधी चुकला नव्हता.

गेल्या महिन्यात सोलापूरला बाबांचे चुलतभाऊ वारले. बाबा दहा दिवसांसाठी तिकडे गेले. आम्हाला सुतक लागलं. आईने देवघराची दारं लावून घेतली. दिवा नाही, पूजा नाही, देवाला हात लावायचा नाही. आणि गोळीची डबी आत राहिली.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना तिच्या लक्षात आलं. "अगं, गोळी राहिलीच की माझी!" ती दचकली होती, पण लगेच सावरली. तिची दाढ दोन आठवडे ठणकत होती आणि ती काढायची वेळ आम्ही घेतलेलीच होती. "दात काढायचा म्हणजे रक्ताची गोळी बंद ठेवतात ना? शेजारच्या अक्का म्हणत होत्या. बघ, महाराजांनीच सोय केली. तरी तू हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घे हं."

असे फोन एरवी बाबा करतात. बाबा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि कुणाशीही बोलायची त्यांना हौस आहे. मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे आधी वाक्य मनात तयार करावं लागतं. मी गॅलरीत जाऊन हेब्बाळच्या हॉस्पिटलचा नंबर लावला. आधी रेकॉर्ड केलेली कन्नड सूचना, मग गाणं, मग एक घाईतला आवाज, "हेळी," म्हणजे बोला. मी तयार केलेलं वाक्य विसरले आणि फोन ठेवला. पुन्हा लावला नाही. इंटरनेटवर काहीतरी अर्धवट वाचलं. आत येऊन आईला म्हटलं, "चालेल म्हणाले. बंद ठेवायची."

एवढं सोपं खोटं होतं ते. आई निर्धास्त झाली.

आणि आता मी त्या दवाखान्यात बसून मागच्या बाईंचा फोन ऐकत होते. त्यांच्या दिराची गोष्ट होती. दात काढायचा म्हणून दिरांनी आपल्या मनाने गोळी सोडली, चौथ्या दिवशी चहाचा कप हातातून गळाला आणि मग हात उचललाच नाही. रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती.

मी उठून उभी राहिले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "स्वल्प वेट माडी मॅडम, डॉक्टर बोलावतील." मी पुन्हा बसले. मला आठवतं, त्या क्षणीही मी मनात वाक्यच तयार करत होते. खोटं उघडं पडणार नाही असं एखादं वाक्य. दत्तगुरूंना म्हटलं, तुम्हीच काहीतरी करा. मी फारशी भाविक नाही. आई मला मोबाईलवर स्तोत्र पाठवते, तेही मी रोमन अक्षरांत वाचते. पण तेव्हा मी खरोखर विनवलं.

"काय गं बाळ, तोंड का असं उतरलं?"

त्याच बाई. फोन संपला होता. केसांत मोगऱ्याचा गजरा, मांडीवर कापडी पिशवी. त्यांचे यजमान शेजारी गालावर हात धरून बसले होते. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. कदाचित आईशी बोलताना ऐकलं असेल.

"आई आत आहे," मी म्हटलं. "तिचीपण तीच गोळी आहे. बंद केलीय."

"कुणी सांगितल्यालं बंद करायला?"

मी फॉर्म उलटा केला. ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मला दाराकडे ढकललं. "मग आत जा की! इथं बसून राहिलीस तर देव येणार हाय होय सांगायला?"

त्यांचे यजमान गाल धरूनच हसले. "जा बाई. नाहीतर ही स्वतः आत शिरंल."

मी दार ढकलून आत गेले. आई आडवी होती, तोंडावर दिव्याचा झोत. तरुण डॉक्टरबाई माझ्या फॉर्मचीच वाट पाहत होत्या. मी इंग्रजीत, एका दमात, सांगून टाकलं. झडप, गोळी, पाच दिवस, आणि आम्ही कुणालाही विचारलेलं नाही हेही. इंग्रजीत बोललं की मला आपण दुसरंच कुणीतरी असल्यासारखं वाटतं, धीर येतो. शिवाय आईला भरभर इंग्रजी कळत नाही. ते माझ्या पथ्यावर पडलं, आणि तेव्हा ते मला ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंनी हातातली इंजेक्शनची सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. आज दात काढायचा नाही, म्हणाल्या. हेब्बाळच्या हॉस्पिटलला त्यांनीच फोन लावला. आम्ही बाहेर आलो तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. ते यजमान दुसऱ्या डॉक्टरांकडे आत गेले असावेत, बाईही त्यांच्याबरोबर. माझं पेन फॉर्मांच्या पुठ्ठ्याला अडकवून ठेवलेलं होतं. हेब्बाळला जायला रिक्षा दारात उभी होती. त्या बाईंचं नाव मी विचारलंच नव्हतं.

आईचं रक्त तपासलं. त्या तपासणीला आयएनआर म्हणतात. रक्त किती पातळ आहे याचा आकडा झडपेला हवा त्याच्या पुष्कळ खाली आला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकलं, सोनोग्राफी केली. "आवाज स्वच्छ आहे," ते म्हणाले. गोळी त्याच दिवशी सुरू झाली आणि रक्त पुन्हा पुरेसं पातळ होईपर्यंत पोटात इंजेक्शनंही. मी त्यांना विचारलं, मग दात कसा काढायचा? माझ्या तोंडून प्रश्न निघाला याचं मलाच नवल वाटलं. ते म्हणाले, "यांची गोळी चालू ठेवूनच काढू. आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे एवढं आदल्या दिवशी बघायचं. रक्त थोडं जास्त येईल, पण ते हिरडीतून येतं, दाबून, टाका घालून थांबवता येतं. झडपेवरची गुठळी कुणाला बोटाने दाबता येत नाही."

दोन आठवड्यांनी दाढ निघाली. तोवर सुतक फिटलं होतं, बाबा परतले होते. आदल्या दिवशी आकडा पाहिला, मर्यादेत होता. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तासभर आधी प्रतिजैविक दिलं. दाढ काढल्यावर दोन टाके घातले, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला. आई तो अर्धा तास दातांखाली घट्ट धरून बसली आणि हाताने खुणा करून बाबांना रिक्षाचं भाडं ठरवायला सांगत राहिली. थोडं रक्त पाझरलं, मग थांबलं. संध्याकाळी घरी दिवा लागला आणि तिने नेहमीसारखी गोळी घेतली.

डबी मात्र आता देवघरात नसते. आईनेच ती स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी आणून ठेवली. "देवाला सुतक असतं," ती म्हणाली, "झडपेला नसतं."

तेव्हापासून आई सगळ्यांना ही हकीकत सांगते. पुण्याच्या मावशीला, शेजारच्या अक्कांना. हॉस्पिटलमधल्या कुणीतरी मला फोनवर चुकीचं सांगितलं, असं ती धरून चालली होती. प्रत्येक वेळी शेवट एकच: "माझ्या पोरीच्या तोंडून दत्तगुरू बोलले हो. एरवी ही कुणाशी बोलत नाही." मी शेजारी बसून ऐकायचे आणि आत आत आकसायचे. त्या बाईंना माझ्या मागे कुणी बसवलं, मला माहीत नाही. त्यांच्या यजमानांची दाढ नेमकी त्याच दिवशी दुखली, एवढंच मला सांगता येईल. रोज दिवा लागला की मी त्या बिननावाच्या बाईंना हात जोडते. माझी आई चालते, भांडते, बाबांच्या चहात साखर कमी घालते, ते त्यांच्यामुळे.

पण एक गोष्ट मला हळूहळू कळत गेली. देवावर सोडून देणं म्हणजे गप्प बसणं, असं मी आजवर समजत होते. गप्प बसायला मला आवडतं, त्यामुळे ते सोयीचंही होतं. त्या दिवशी मात्र मी विनवलं आणि माझ्याकडून मागितलं गेलं ते एवढंच, की ऊठ आणि बोल. मी निम्मं बोलले. इंग्रजीत, जिला कळायला हवं तिला कळणार नाही अशा बेताने. उरलेलं निम्मं मी अजून धरूनच ठेवलं होतं.

परवा संध्याकाळी आईने दिवा लावला. हात जोडून झाले, स्वयंपाकघरात जाऊन तिने गोळी घेतली आणि परत येऊन माझ्याशेजारी पाटावर बसली. बाबा फिरायला गेले होते. घर इतकं शांत होतं की झडप ऐकू येत होती. माझं वाक्य तयार नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "तेव्हा मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. मी फोन ठेवून दिला होता, आणि तुला खोटं सांगितलं."