हाका थांबल्यावर आलेली भागी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी दूध येई ते फुलपात्रभर. त्यातलं वाटीभर मी शुक्रवारी देवीच्या नैवेद्याला ठेवी, आणि त्याचा मला जरा ताठाच होता. अशाच एका शुक्रवारी आरतीचं तबक घेऊन वळले, तर भागी वाटीत तोंड घालून बसलेली. भागी म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामंजींची मांजर. मी केरसुणी उगारली, ती मागल्या दाराने पळाली, आणि मी कडी घातली. जन्मात तिने उंबरा ओलांडला नव्हता. म्हटलं, जाते कुठे, येईल घटकाभरात.

तीन दिवस झाले तरी ती आली नाही. मामंजींना आदल्या वर्षी अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, सगळ्या बोलण्यातून एक शब्द तेवढा उरला, ‘भागी’. पाणी हवं असलं तरी भागी, कूस बदलायची असली तरी भागी. मांजर गेली आणि त्यांनी तो शब्दही टाकला. भिंतीकडे तोंड करून पडून राहत, भरवलेला घास ओठांतून परत येई. कचेरीतून आल्यावर ह्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की दार उघडं राहिलं असेल. खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

आमचं सारं कर्जत गाव मी पालथं घातलं. कोरड्या आडात डोकावले, वेशीपर्यंत ‘भागी, भागी’ करत गेले, घसा बसला. राशीनच्या देवीला एक नारळ बोलले होते, त्याचे पाच केले. पण एक प्रश्न काही पाठ सोडीना. जिच्या नैवेद्यापायी मी मांजर हाकलली, तिलाच आता ती परत आण म्हणते आहे. देवी ऐकेल तरी कशाला?

चौथ्या दिवशी दुपारी दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई दारात पाणी मागायला आली. पापण्यांवरसुद्धा दगडाची धूळ. मी तांब्या दिला. माझा बसलेला आवाज ऐकून तिने काय झालं विचारलं. मांजर हरवली आहे, हाका मारून थकले, एवढंच मी बोलले. ती सावकाश पाणी प्यायली.

“घरातलं मांजार लांब जात न्हाई, बाई. भेलेलं हाय, हितंच कुटंतरी दडलं आसंल. आन् हाका मारू नगा. ज्याला भेलं, त्याच्या हाकंला कसं यील?”

मी चपापले. मग काय करू, म्हणाले.

“ज्याच्यापाशी निजत हुतं, त्याचं पांघरून उंबऱ्यात टाका आन् गप बसा.”

तांब्या पालथा ठेवून ती गेली. भागी कोणाला भ्याली हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

पांघरूण म्हणजे मामंजींची घोंगडी. न सांगता ओढून घ्यायला हात धजेना. त्यांच्याजवळ बसून म्हणाले, “मामंजी, भागीला मीच हाकललं.” त्यांनी मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने घोंगडी माझ्याकडे सरकवली.

ती मागल्या उंबऱ्यात पसरून मी आत भिंतीशी बसले. नाव घेतलं नाही, जपही केला नाही. माझ्यासारख्या बडबडीला ते खडी फोडण्याहून अवघड गेलं. उन्हं कलली, आणि परसात दहा पावलांवर रचलेल्या गोवऱ्यांच्या मागे काहीतरी हललं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भागी बाहेर आली, वाळलेली, धुळीने भरलेली. घोंगडी हुंगली, मला लांबून वळसा घातला आणि आत गेली. आतून आवाज आला, “भागी.” मी तिथेच डोळ्यांना पदर लावून रडले.

दुसऱ्या दिवशी दूध-भाकरी घेऊन खडीच्या कामावर गेले. ओळीने बायका बसलेल्या, सगळ्यांच्याच पापण्यांवर धूळ. ती कोणती, मला ओळखता आलं नाही. दूध-भाकरी त्यांच्यातच वाटून आले. तिला मांजरांची पारख होती की माझी, याचं कुतूहल अजून फिटलेलं नाही.

देवीचे नारळ फेडले. तेव्हापासून आरती झाली की मी काही न मागता थोडा वेळ गप्प बसते. भागी जगली तोवर माझ्या हाकेला कधी आली नाही. पण मी अशी बसले की यायची, आणि हातभर अंतर सोडून बसायची. मी तिला हात लावत नसे.