त्यांच्या वाटचं चालणं

माझे मालक चाकणच्या एका कंपनीत क्रेन चालवतात. रस्त्यावरची नव्हे. शेडच्या आत, छपराखाली रुळांवर पुढेमागे सरकणारी. तिच्या पोटाला काचेची एक केबिन लटकते आणि त्यात एका माणसापुरती खुर्ची असते. तिथं जायला उभी लोखंडी शिडी आहे. आम्ही लातूरकडून आलो तेव्हा ते त्याच शेडमध्ये झाडू मारत होते आणि मान वर करून त्या केबिनकडे बघत होते. त्या खुर्चीत बसायला त्यांना बरीच वर्षं लागली.

गेल्या वर्षी कंपनीनं सगळ्यांची तपासणी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन फार आहे, रक्तदाबही आहे. शिडी चढून वर गेलात की आधी नुसते धापा टाकत बसता, असं सुपरवायझर सांगतो. तीन महिन्यांत वजन कमी करा, नाहीतर मी वर चढण्याच्या कागदावर सही करणार नाही.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि रोजच्यापेक्षा जास्त भाकरी खाल्ल्या. काळजी लागली की त्यांना भूक लागते.

मुलगी दापोडीला दिली आहे. ती रविवारी आली आणि तिनं माझ्या फोनमध्ये ॲप टाकलं. माझ्या फोनमध्ये एवढ्यासाठी, की कॅमेऱ्याचा फोन कंपनीत आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. तिनं त्यात वडलांचं वय, उंची, वजन सगळं भरलं आणि मला म्हणाली, "आई, बाबा काय खातात ते तू रोज यात भरायचं. बाकी ते आपोआप करतं."

बाकी म्हणजे काय, हे आम्ही विचारलं नाही.

ॲप मराठीत होतं. मी अक्षरं लावून लावून वाचायची. ते मला पुरुष समजून बोलायचं, "नमस्कार सर, आज सकाळी काय खाल्लंत?" आणि मी एकटीच घरात असूनही लाजायची. त्याला आमचं बरंचसं जेवण ठाऊक नव्हतं. येसराच्या आमटीला ते सूप म्हणायचं. धपाटं लिहिलं की पराठा दाखवायचं. भाकरीला विचारायचं, लहान, मध्यम की मोठी? आमची भाकरी ताटाच्या कडेबाहेर लोंबते. मी मोठी लिहायची आणि वाटायचं की खोटंच सांगतेय.

अवघड गोष्ट मोजण्याची होती. खाणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत, अशी आमच्याकडची रीत. माझ्या आईनं कुणाच्या मोजल्या नाहीत, सासूनंही नाहीत. म्हणून मी ते जेवत असताना भिंतीकडे तोंड करून बसायची आणि टोपलीतून भाकरी उचलल्याचा आवाज ऐकायची.

"मोजायलीस का?" ते विचारायचे.

"नाही हो."

मग मी उठून चुलीपाशी जायची आणि पदराआड आकडा भरायची.

ॲपमध्ये वर एक आकडा असायचा. आज अजून किती खाता येईल, तो. हिरवा असला की खायला मुभा, लाल झाला की बास. आमचा दुपारपासूनच लाल असायचा. मग एक दिवस मी रेशनच्या कामाला लांब चालत गेले, रांगेत उभी राहिले, कागद राहिला म्हणून घरी येऊन परत गेले. संध्याकाळी बघते तर आकडा हिरवागार. खाली लिहिलं होतं, "वा! आज तुम्ही भरपूर चाललात. तुम्ही आणखी खाऊ शकता."

ते नुकतेच कामावरून आले होते. मी फोन पुढे केला. "अहो, हे माझं चालणं तुमच्या नावावर लावतंय."

त्यांनी आकडा बराच वेळ बघितला. मला वाटलं, चूक आहे म्हणून मुलीला फोन लावायला सांगतील.

"वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या कोण मारतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"उपास कोण धरतं?"

"मीच."

"आणि आयुष्य कुणाचं वाढतं?"

"तुमचं."

"मग हे यंत्र काय चुकीचं बोलायलंय?" ते म्हणाले. "एवढा उपास पोचतो, तर चार पावलं पोचणार नाहीत?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. उपासाचं पटतं त्याला याचं न पटायला काय झालं? शिवाय त्यांची ती खुर्ची मला राखायची होती. त्यांनी त्या दिवशी हिरव्या आकड्यावर एक भाकरी आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून मी चालायला लागले.

मोशीत आम्ही राहतो त्या खोल्या गावातल्या एका जुन्या शेतकरी घरच्या आहेत. घरमालकीण काकू खाली ओट्यावर बसून सगळ्यांची ये-जा बघतात. नुसतं चालायला म्हणून बाहेर पडायची मला लाज वाटायची. बायामाणसं सोसायटीच्या बागेत बूट घालून फिरतात, पण माझ्याच्यानं ते होत नाही. म्हणून मी आधी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधून फिरले. तिथं चादरी तोंडावर यायच्या. मग एक युक्ती केली. दळणाचा डबा कडेवर घ्यायचा आणि निघायचं. डबा असला की बाईला कुणी कुठे चाललीस म्हणून विचारत नाही.

पण गिरणीवाल्यानं विचारलं. मी त्याच्या दारावरून चौथ्यांदा गेले तेव्हा त्यानं गिरणी बंद करून हाक मारली, "ताई, डबा रिकामा हाय का? काही विसरलात का?"

मी इतकी घाबरले की म्हटलं, "उद्या आणते." मग दुसऱ्या दिवशी खरंच ज्वारी घेऊन गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही न्यावी लागली. चालायचं रोज होतं, म्हणून दळणही रोज आलं. घरात पीठच पीठ झालं. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं, टाकून तर देता येत नाही. मग भाकरी जास्त व्हायला लागल्या. भाकरी जास्त झाल्या की ते जास्त खायचे, आकडा लाल व्हायचा, आणि तो हिरवा करायला मी परत डबा उचलायची.

काकूंनी एक दिवस ओट्यावरूनच धरलं.

"काय गं, खानावळ काढली का काय? रोज दळण?"

"नाही हो काकू."

"मग एवढ्या भाकरी कोण खातंय?"

"हेच."

"त्यो खातोय आन् वाळत तू चाललीस! काय तरास हाय का घरात? सांग मला. मी बघते त्याच्याकडं."

मी मान हलवली आणि चालू लागले. थांबले असते तर तेवढा वेळ वाया गेला असता.

त्यांना आता सवयच लागली. चहाच्या सुट्टीत त्यांचा फोन यायचा.

"काय करायलीस?"

"भांडी घासतेय."

"भांड्यात काय पाय हलतेत? जरा एक फेरी मारून ये. इथं एकाला पोरगा झालाय, पेढे वाटायलाय."

"किती घेतले?"

"दोन खाल्ले. तिसरा हातात आहे."

"थांबा मग. मी निघाले की खा."

हळूहळू हिशेबच बसला. वडापावाला चौकापर्यंत. भज्यांना शाळेला वळसा घालून. मिसळीला थेट इंद्रायणीच्या पुलापर्यंत. एकदा त्यांच्या दोस्ताच्या घरी पुरणपोळीचं जेवण होतं, त्या दिवशी मी कुठवर गेले ते लिहायला नको. येताना बसनं आले, आणि बसनं आल्याचं ॲप धरत नाही म्हणून ते जरा नाराज झाले.

आमच्या घरी वजनकाटा नाही. पण ॲपमध्ये एक रेघ होती. खाणं आणि चालणं धरून आता तुमचं वजन अंदाजे एवढं झालं असेल, असं ती दाखवायची. रेघ घसरत होती. ते संध्याकाळी चष्मा लावून ती बघायचे आणि पोटावरून हात फिरवायचे.

"पण धाप अजून लागते तुम्हाला," मी एकदा म्हटलं. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, जिन्यात ते कुठवर आलेत हे मला घरात ऐकू येतं.

"ती मागची असेल," ते म्हणाले. "आधी वजन जातं. धाप मागून जाती."

तीन महिने झाले. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कंपनीबाहेर, चाकणच्या रस्त्यावर होता. फोन माझा, म्हणून मीही गेले. बाई तरुण होत्या. त्यांनी ॲप बघितलं आणि त्यांना फार आनंद झाला. "इतकं नियमित कुणीच भरत नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि चालणं तर काय! शिफ्ट करून इतकं कसं चालता?"

"मनावर घेतलं मॅडम," हे म्हणाले.

मग त्यांना काट्यावर उभं केलं. बाईंनी आकडा बघितला, मग कागद बघितला, मग परत आकडा. म्हणाल्या, "बूट काढा." कंपनीचे लोखंडी टोकांचे बूट काढले. मग पट्टा काढला. मग खिशातली किल्ली, तंबाखूची डबी, बटणांचा फोन. तरी वजन पहिल्यापेक्षा जास्तच होतं. बाईंनी काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. तिथंही तेच.

"काटाच बिघडला असेल," बाई म्हणाल्या. रेकॉर्ड एवढं चांगलं होतं, की त्यांना काट्यावरच संशय आला. "ताई, तुम्ही उभ्या राहा बघू. किती होतं तुमचं वजन?"

मागच्या साली मुलीच्या बाळंतपणात दवाखान्यात मी सहज केलं होतं, ते सांगितलं आणि उभी राहिले. बाईंनी खाली वाकून वाचलं. मग त्या माझ्या गळ्याकडे, दंडाकडे, सैल पोलक्याकडे बघत राहिल्या.

"तुमचं कसं एवढं कमी झालं? काही आजार?"

मी यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. मला बोलायची इतकी लाज वाटली, पण आजार म्हटल्यावर बाई रक्त तपासायचं लिहायला लागल्या, म्हणून सांगितलं. चालते मी. खातात हे.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम," हे म्हणाले, अगदी मनापासून, "घरातलं तेवढं कमी झालंच ना? दोघांचं मिळून धरा की."

"क्रेनवर दोघं बसता का?"

हे खाली वाकून बूट घालायला लागले. तिथं एकच खुर्ची आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? बाईंनी सही केली नाही.

कंपनीनं त्यांना वरच्या क्रेनवरून खाली उतरवलं. शेडच्या टोकाला एक लहान क्रेन आहे. तिला केबिन नाही. माणसानं हातात बटणांचा डबा धरायचा आणि लटकलेल्या मालाबरोबर खालून चालत जायचं, माल सोडायचा, परत चालत यायचं, दिवसभर. पोरं त्यांना म्हणायची, "काय भाऊ, वरचा मजला भाड्यानं दिला का?" हे मला त्यांनी नाही सांगितलं. त्यांच्या दोस्तानं सांगितलं.

संध्याकाळी आले की ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बूट काढायचे. पायाला फोड यायचे. मी परातीत कोमट पाणी द्यायची. ते जेवायला बसायचे, एक भाकरी खायचे आणि हात धुवायचे. काळजीनं त्यांची भूक वाढते, पण दुःखानं ती मरते, हे मला तोवर माहीत नव्हतं. चहाच्या सुट्टीतला फोन बंद झाला. मी घरात बसून राहिले. दळण संपत आलं.

ॲप मात्र रोज ओरडायचं. फोन घरात, मी बसलेली. "आज तुम्ही फारच कमी हालचाल केलीत. उठा, थोडं चाला." रेघ वर चढायला लागली. ॲप सांगत होतं वजन वाढतंय, आणि मी चुलीवर खिळा तापवून त्यांच्या पट्ट्याला आतलं भोक पाडत होते. महिनाभरानं दुसरं पाडलं.

पुढच्या तपासणीला ते एकटेच जायला निघाले. मी फोन पुढे केला. "राहू दे," म्हणाले. बाईंनी या वेळी ॲप मागितलंच नाही. त्यांना शिडी चढायला लावली, म्हणे, दवाखान्याच्या गच्चीची. मग सही केली.

सोमवारी ते परत वर गेले. संध्याकाळी मी विचारलं, कसं वाटलं. "तसंच आहे सगळं," म्हणाले. "खुर्ची जरा मोठी केलीय वाटतं." ते हसले. पण दिवसभर परत बसून राहणं आलं होतं. ताटातली दुसरी भाकरी हातात धरून ते माझ्याकडे बघत होते.

"थोडंथोडं चालशील का तू? जास्त नाही. चौकापर्यंत."

"नाही," मी म्हटलं.

मी नाही म्हणते तेव्हा ते तोंडातल्या तोंडात म्हणते. या वेळी ते स्पष्ट निघालं. त्यांनी भाकरी टोपलीत परत ठेवली.

आता ते कंपनीच्या बसमधून नदीच्या पलीकडेच उतरतात आणि घरापर्यंत चालत येतात. उतरल्या उतरल्या मला फोन लावतात. "चालायलोय. फोन ठेवू नको." त्यांची समजूत अशी, की फोन चालू असला की त्यांचं चालणं माझ्या फोनमध्ये भरलं जातं. तसं होत नाही, असं मी एकदा सांगून बघितलं.

"माझा आवाज येतोय ना तिकडं?"

"येतोय."

"मग पायही येत असतील."

मी परत सांगत बसले नाही. फोन खांद्यात धरून पीठ मळते. ट्रकचे हॉर्न येतात, कुणीतरी त्यांना राम राम घालतं. बोलायला आमच्याकडे काही नसतं. मी त्यांची धाप ऐकते. पूर्वी ती उतरल्या उतरल्या सुरू व्हायची. आता पुलाचा चढ संपत आला की लागते.